आमच्या जंगलाला मिनी यलोस्टोन म्हणू नका

कळंबा म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी जेल आठवतं. आम्हाला तलाव आठवतो. संस्थानकाळात याच तलावाचं पाणी कोल्हापूर शहराला जायचं. आता तलावाच्या कडेने लोक सकाळी चालायला आणि संध्याकाळी फोटो काढायला येतात. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर. या घराच्या सोप्यात बसून गेल्या दिवाळीनंतर माझ्या आतेभावाशी माझं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. हा लेख म्हणजे त्या भांडणातली माझी बाजू. त्याचीही बाजू सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीने. पटलं नाही तर त्याने स्वतः लिहावं, त्यालाही मराठी येतं.

आतेभाऊ बारा वर्षं डेनव्हरला आहे. सप्टेंबरच्या शेवटी तो बायकामुलांना घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला जाऊन आला होता. पिवळी झालेली झाडं, कुरणात शीळ घालत फिरणारे एल्कचे नर, वाफाळणाऱ्या नदीकाठी बायसनचे कळप आणि अर्थातच ओल्ड फेथफुल. जमिनीतून उकळत्या पाण्याचा खांब उठतो आणि हजार माणसं एकदम ‘ओह’ म्हणतात, तो व्हिडिओ त्याने टीव्हीवर लावला. आजी खुर्चीत बसून बघत होती.

‘‘ह्यो फवारा कशानं उडतोय रं?’’

‘‘आजी, तो गीझर आहे.’’

‘‘गीझर व्हय. आपल्या न्हाणीत बी हाय की. त्यासाठी एवढं लांब गेलासा?’’

सगळे हसले. आतेभाऊ हसता हसता म्हणाला, ‘‘आपल्याकडे असं काहीच कसं नाही यार?’’

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी जे बोललो त्यावरच हा लेख आहे. मी म्हणालो, ‘‘नाही कसं? दाजीपूर आहे. गवे आहेत. खाली कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत. सगळं मिळून आपलं मिनी यलोस्टोनच आहे. चल, दाखवतो.’’

त्याने लावलेली शर्यत मी त्याच्याच मैदानात, त्याच्याच नियमांनी खेळायला तयार झालो होतो. हरणार हे त्याच क्षणी ठरलं होतं. मला ते दोन दिवसांनी कळलं.

कार्तिकातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. रिंगरोडने फुलेवाडी, मग राधानगरी रस्ता. भोगावतीच्या काठाने उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले, दोन्हीकडे धुकं. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, हे मी गाईडसारखं सांगत होतो. दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं, १९५८ साली ते अभयारण्य झालं आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं, हेही सांगितलं. १९८५ साली ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं केलं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात राधानगरी आहे. आतेभावाने मान डोलावली आणि विचारलं, ‘‘साइटिंगचे चान्सेस किती?’’

गेटवर वाटाड्या घेतला. साठीतला माणूस, पायात रबरी चप्पल. सावराई सड्याच्या दिशेने आत गेलो. साडेतीन तासांत आम्ही काय पाहिलं? ताज्या शेणाचे पो, चिखलात उमटलेले खुरांचे ठसे, सांबराने शिंगं घासून साल सोललेलं झाड, शेकरूची दोन घरटी. सड्यावर जांभ्याच्या खडकात गवत वाळत चाललेलं आणि त्यात उशिरा फुललेली चार-दोन फुलं. एका वळणावर वाटाड्याने हात वर केला, गाडी थांबली. कारवीच्या दाटीत काहीतरी जड हललं. फांद्या मोडल्याचा आवाज. मग काही नाही.

‘‘गेला,’’ वाटाड्या म्हणाला. ‘‘मागल्या गाडीनं गाणी लावल्यात. कशाला थांबतोय तो.’’

मागच्या गाडीत खरंच गाणी लागली होती. आमच्याकडच्याच पोरांची गाडी. जंगलात शिरताना स्पीकर बंद करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नसेल असं नाही, पण सांगितलेलं ऐकायचं असतं हे मात्र कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर आतेभाऊ म्हणाला, ‘‘यलोस्टोनमध्ये बायसन रस्त्यात येऊन उभे राहतात. अर्धा तास ट्रॅफिक जाम होतो. आणि इथे बायसन सँक्चुरी म्हणून नाव लावलंय आणि एक बायसन दिसत नाही.’’

या नावावर मला सगळ्यात आधी बोलायचं आहे. गवा म्हणजे बायसन नव्हे. ब्रिटिश शिकाऱ्यांनी भारतातल्या जंगलात हे प्रचंड जनावर पाहिलं आणि ओळखीचं नाव चिकटवून दिलं, ‘इंडियन बायसन’. साहेब गेला, नाव राहिलं. अभयारण्याला आपण ‘बायसन अभयारण्य’ म्हणत आलो, हॉटेलांच्या पाट्यांवर बायसन, टी-शर्टवर बायसन. बरं, मराठीतही गोंधळ आहेच, अर्धं कोल्हापूर त्याला ‘गवारेडा’ म्हणतं. तो रेडाही नाही. गवा हा आपल्या गोठ्यातल्या बैलाचा भाऊबंद. गडद तपकिरी-काळं अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, पाठीवर उंचवटा, वजन टनाच्या घरात. आणि एवढा मोठा असून तो लाजाळू आहे.

नावाचा हा कीस मी उगाच पाडत नाही. नाव बदललं की अपेक्षा बदलते. अमेरिकन बायसन हे मोकळ्या गवताळ माळाचं जनावर आहे. यलोस्टोनच्या लामार आणि हेडन या खोऱ्यांत मैलोन्‌मैल उघडं कुरण आहे, तिथे तो कळपाने चरतो, लपायला जागाही नाही आणि सवयही नाही. गवा हे सह्याद्रीच्या दाट झाडीतलं जनावर. पहाटे आणि तिन्हीसांजेला सड्यावर किंवा गवतात येतो, ऊन चढलं की रानात शिरतो. तो दिसत नाही यात जंगलाचं काहीच चुकत नाही, जंगल दाट आहे याची ती खूण आहे. पण ‘बायसन’ म्हटलं की आपण डोक्यात कुरण घेऊन जातो आणि जंगलावर चिडून परत येतो. मग ‘साइटिंग वाढवा’ अशी मागणी सुरू होते. झाडी तोडून रस्ता रुंद करा, पाणवठ्यासमोर मचाण बांधा, मिठाचे ढेकूळ ठेवा, गाड्या वाढवा. जनावर जंगलासाठी राहत नाही, प्रेक्षकांसाठी राहायला लागतं.

दुपारी आम्ही फोंडा घाट उतरलो. घाट संपता संपता हवा बदलली, गाडीच्या काचा खाली केल्या तर उकडायला लागलं. रात्री राजापुरात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाळ्याला गेलो.

‘उन्हाळे’ हे गावाचं नाव आहे. ऋतूशी त्याचा संबंध नाही. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, आणि कोकणात जिथे जिथे जमिनीतून ऊन पाणी येतं तिथल्या गावांना लोकांनी अशी नावं दिली आहेत. राजापूरचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे. उत्तरेला पालघर-ठाण्याकडे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, सातिवली. संगमेश्वरजवळ तुरळ, राजवाडी आणि अरवली. नकाशावर या ठिपक्यांना जोडत गेलात तर समुद्राला समांतर अशी जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरची ओळ तयार होते. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, हात घालता येत नाही. उन्हाळ्याचं पाणी अंगाला सोसेल इतकं. अर्जुना नदीच्या जवळ, बांधलेल्या न्हाणीघरात गोमुखातून धार पडते. आतेभाऊ त्या धारेखाली दहा मिनिटं डोळे मिटून बसला होता आणि तेवढा वेळ आमच्यात पूर्ण शांतता होती, हेही नोंदवून ठेवतो.

तिथेच जवळ गंगातीर्थ आहे. चौदा कुंडं आणि वडाच्या मुळाशी मूळ गंगा. राजापूरची गंगा ही नेहमी वाहत नसते. ढोबळमानाने तीन वर्षांनी एकदा ती अचानक प्रकट होते, दोनेक महिने राहते आणि तशीच निघून जाते. अलीकडे तिने हेही वेळापत्रक मोडलंय, कधी लवकर येते, कधी लांबते. आली की पंचक्रोशीत बातमी पसरते, लोक आधी उन्हाळ्याच्या गरम पाण्यात, मग गंगेच्या कुंडांत आंघोळ करतात आणि धूतपापेश्वराला जातात.

आम्ही गेलो तेव्हा गंगा नव्हती. कुंडं कोरडी होती. एका कुंडाच्या तळाशी वडाची पानं आणि शाम्पूच्या दोन पुड्या.

‘‘म्हणजे इथेही नाही,’’ आतेभाऊ म्हणाला. ‘‘ओल्ड फेथफुलचं प्रेडिक्शन ॲपवर येतं. दहा मिनिटं मागेपुढे. तुमची गंगा तीन वर्षं मागेपुढे.’’

कबूल करतो, वाक्य चांगलं होतं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. परत येताना अणुस्कुरा घाटात सुचलं, आता लिहितो.

गीझर कसा तयार होतो ते बघा. खाली वितळलेल्या खडकाची उष्णता लागते, वरून भरपूर पाणी लागतं, आणि मधे अरुंद नळी लागते. कुकरसारखं आहे ते. नळीच्या तळाशी पाणी शंभर अंशाच्या वर तापतं, पण वरच्या पाण्याच्या दाबामुळे त्याची वाफ होत नाही. मग कधीतरी थोडं पाणी वर सांडतं, दाब उतरतो आणि सगळं एकदम भसकन वाफ होऊन उसळतं. यलोस्टोनचा बराचसा भाग एका प्रचंड ज्वालामुखीवरच बसलाय, आणि तिथला खडक असा की गरम पाण्यात विरघळलेली सिलिका नळीच्या आतून लेप देऊन तिला पक्की करते. म्हणून जगातल्या निम्म्याहून जास्त गीझर तिथे आहेत. आपल्या सह्याद्रीतला बेसॉल्टही ज्वालामुखीचाच, पण तो ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. आपल्याकडे पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून सावकाश वर येतं. उसळायला लागणारी आग खाली नाही. आणि गंगेचं स्पष्टीकरण असं देतात की जमिनीखालच्या पोकळ्यांत पाणी साठत राहतं, आणि पातळी वाकड्या नळीच्या माथ्यावर गेली की ती नळी ते सगळं ओढून बाहेर काढते, रिकामं झालं की थांबते. पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढतात ना, तोच प्रकार.

म्हणजे गंगा ही अपयशी गीझर नाही. ती वेगळीच गोष्ट आहे. आणि ओल्ड फेथफुल तरी कुठे इतका इमानी आहे? जुन्या नोंदींत दोन उद्रेकांमधलं अंतर तासाभराच्या आसपास होतं, आता ते सरासरी दीड तासावर गेलंय. १९५९ सालच्या आणि नंतर १९८३ सालच्या भूकंपाने त्याचा ताल बदलला. नाव ठेवणाऱ्यांनी १८७० साली एका भेटीवर नाव ठेवलं, त्याने काही करार केला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. ‘मिनी यलोस्टोन’, ‘महाराष्ट्राचं काश्मीर’, ‘कोकणचं मालदीव’, ‘भारताचं ग्रँड कॅन्यन’. तुमच्या फोनवर दर सुट्टीच्या आधी असे रील येतात. माझ्याही येतात, मी शेअरही केलेत. यात नुसता न्यूनगंड असता तर मी एवढं लिहिलं नसतं. यात एक मागणी लपलेली असते. ज्याच्यासारखं म्हणालात त्याच्यासारखं दाखवा, वेळेवर दाखवा, पैसे घेतलेत तर दाखवाच. आणि जे वेळेवर दाखवता येत नाही ते बदलून टाका. कुंडाला फरशी बसवा, झऱ्याला नळ बसवा, सड्यावर काचेचा पूल बांधा. तुरळ-अरवलीला महामार्गाच्या कडेची कुंडं बघा, उन्हाळ्याचं न्हाणीघर बघा. सिमेंटच्या चौकोनात कोंडलेलं पाणी बघून कुणाला वाटेल की हे पृथ्वीच्या पोटातून आलंय? नगरपालिकेच्या टाकीतून आल्यासारखं दिसतं.

आतेभाऊ म्हणेल, आणि त्याने म्हटलंच, की अरे मग शिका ना त्यांच्याकडून. तिथे एक कागद पडलेला दिसत नाही. स्वच्छतागृहं आहेत. लाकडी पायवाटेवरून खाली पाय ठेवला तर दंड. बायसनपासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड लांब राहायचा नियम आहे आणि रेंजर तो पाळायला लावतात. हे सगळं खरं आहे आणि यातलं प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. उद्या दाजीपूरच्या गेटवर गाडीतला स्पीकर जमा करून घेणारा माणूस बसवला तर मी त्याला हार घालेन. शाम्पूच्या पुड्या अमेरिकेने टाकल्या नाहीत, आपणच टाकल्या.

पण यलोस्टोनची शाबासकी पुरी सांगायची तर बाकीचंही सांगावं लागतं. तो ८,९८३ चौरस किलोमीटरचा आहे. आख्खा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा. म्हणजे आपला जिल्हा, त्यातली सगळी गावं, कारखाने आणि ऊस उचलून त्यात ठेवला तरी जागा उरेल. इतकी मोठी जागा रिकामी कशी मिळाली? ती रिकामी नव्हती. शोशोनी लोकांतले तुकुडिका, म्हणजे डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगणारे, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते. क्रो, बॅनॉक, नेझ पर्स असे कितीतरी समाज तिथून ये-जा करत होते. १८७२ साली पार्क जाहीर झाला आणि त्याच दशकात तुकुडिकांना बाहेर काढलं गेलं. पुढे पर्यटकांना सांगितलं गेलं की इंडियन लोक गीझरला भिऊन इकडे फिरकतच नव्हते. १८८६ पासून बत्तीस वर्षं पार्क लष्कराच्या ताब्यात होता. लांडगे इतके मारले की १९२६ नंतर तिथे एकही कळप उरला नाही, १९९५ साली कॅनडातून आणावे लागले. बायसन १९०२ च्या सुमारास पंचवीससुद्धा राहिले नव्हते. आज दिसतो तो कळप माणसांनी जपून पुन्हा वाढवला आहे. हे चांगलं काम आहे. पण त्याला ‘निसर्ग होता तसाच ठेवलाय’ म्हणू नका.

आणि हीच कल्पना, की जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, जगभर पसरत पसरत आमच्या घरापर्यंत आली.

आमच्या आजीचं माहेर वारणेच्या वरच्या खोऱ्यात होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. खाली धरणाचं पाणी वाढत गेलं. १९८५ साली चांदोली अभयारण्य झालं. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, ३१७ चौरस किलोमीटर. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या तारखा कुठल्याही माहितीफलकावर असतात. या तारखांच्या मधल्या वर्षांत आजीचे भाऊ उठून पूर्वेकडच्या एका वसाहतीत गेले. नाचणी आणि भात करणारी माणसं काळ्या रानात, उसाच्या मुलखात, पाण्याची पाळी मागत उभी राहिली. काहींना जमीन मिळाली ती खडकाळ, काहींची मोजणी राहिली, काहींचा सातबारा. चांदोली अभयारण्यग्रस्तांनी कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली किती वेळा ठिय्या मारला हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने येताजाता पाहिलंय. रस्त्यावर चुली मांडलेल्या असायच्या. मी कॉलेजला असताना त्या चुलींसमोरून गाडीवरून गेलोय आणि आत आजीचा एक भाऊ बसला होता हे मला घरी आल्यावर कळलं.

आतेभाऊही त्याच आजीचा नातू. त्याची आई, माझी आत्या, लहानपणी त्याच मामांच्या घरी मे महिन्यात करवंदं खायला जायची. आणि तो मला सांगत होता की यलोस्टोनची खरी मजा म्हणजे आत एक गाव नाही, फक्त निसर्ग. मी त्याला विचारलं, मामाआजोबांच्या परसात फणसाचं झाड होतं, ते आता निसर्ग झालं का? त्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘पण वाघासाठी जागा लागतेच ना?’’

लागते. इथे मी त्याच्या बाजूने आहे, आणि गंमत म्हणजे आजीही आहे. ती म्हणते, वाघ तर आमच्या येशीवरचा देव. पण वाघाला नेमकं काय लागतं ते वाघानेच दाखवलंय. २०२२ च्या एप्रिलमध्ये राधानगरीच्या जंगलात कॅमेऱ्यात एका नर वाघाचा फोटो आला. तोच वाघ २०२३ च्या डिसेंबरात उत्तरेला व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यात आला, पट्ट्यांवरून ओळख पटली. सुमारे शंभर किलोमीटर. त्याला कुणी पिंजऱ्यातून नेलं नव्हतं. गगनबावडा, अणुस्कुरा, आंबा अशा घाटरस्त्यांच्या पट्ट्यातून, देवरायांतून, धनगरवाड्यांच्या कडेने, काजूच्या बागांतून तो चालत गेला. म्हणजे अभयारण्याच्या कुंपणाबाहेरची, माणसं राहतात ती जागाच त्याला लागत होती. आम्ही दाजीपूरला जाऊन आलो त्याच नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. बातमी वाचून मला आनंद झाला. पण ती उद्या दक्षिणेला चालू लागली तर मधल्या पट्ट्यात तिला काय भेटेल? रुंद होत चाललेले रस्ते, प्लॉटिंग, रिसॉर्टं, दुर्गमानवाडच्या बाजूला बॉक्साइटसाठी खरवडलेले सडे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना गाडगीळ समितीच्या २०११ सालच्या अहवालापासून मसुद्यातच फिरतेय, २०२४ च्या जुलैमध्ये सहावा मसुदा निघाला. चुलीवर भाकऱ्या भाजणाऱ्यांना उठवायला सहा मसुदे लागले नव्हते.

माझा राग इथे आहे. आतले लोक हलवायला सोपे, म्हणून ते हलवले. बाहेरून येणारे हलवायला अवघड, म्हणून त्यांच्यासाठी गेट उघडलं. यलोस्टोनला वर्षाला चाळीस लाखांहून अधिक लोक जातात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या अडतीस लाखांच्या वर होती. एका जिल्ह्याइतकी माणसं जिथे दर वर्षी गाड्या घेऊन जातात त्या जागेला निर्मनुष्य म्हणायचं आणि पन्नास घरांच्या वाडीला अतिक्रमण म्हणायचं, हे गणित मला शिकवू नका.

पर्यटक शहाणा असतो असंही नाही. २०१६ साली यलोस्टोनमध्ये पर्यटकांनी बायसनचं एक पिल्लू थंडीत गारठलंय समजून गाडीत घातलं. कळपाने ते परत घेतलं नाही, शेवटी त्याला मारावं लागलं. प्रेमानेच केलं होतं सगळं.

आणि आपण? ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये गवा आला होता. तुम्ही तो व्हिडिओ पाहिलाच असेल. घाबरलेलं जनावर, तोंडाला फेस, नाकातून रक्त, मागे धावणारी माणसं आणि प्रत्येकाच्या हातात फोन. संध्याकाळपर्यंत तो मेला.

त्याच्या पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, गवे कोल्हापूरच्या वेशीवर आले. नदीकाठाने, उसातून. मला ग्रुपवर लोकेशन आलं आणि मी गाडी काढली. हे मी आतेभावाला सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदा लिहितोय. उसाच्या बांधावर तीन-चारशे माणसं होती. कुणी आरोळ्या मारत होतं, कुणी ढेकळं टाकत होतं, मी झाडावर चढून शूटिंग करत होतो. वर्षभर कोथरूडच्या लोकांना नावं ठेवली होती मी. सतरा सेकंदांचा व्हिडिओ मिळाला, त्यात उसाचे शेंडे हलताना दिसतात. मी तो टाकला, ‘बायसन इन कोल्हापूर’ असं लिहून. त्याच दिवसांत भुयेवाडीच्या शिवारात गव्याने एका तरुणाचा जीव घेतला. बातमी वाचल्यावर मी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे गेला होता.

म्हणून हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाहीये. मला माहितीय त्या गर्दीत कसं वाटतं. आपल्याला ‘दिसायला’ हवं असतं. नुसतं असून भागत नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात दाजीपूरला जाणार असाल तर जरूर जा, वाटाड्या स्थानिक घ्या, त्याला पूर्ण पैसे द्या, आणि गवा दिसला नाही म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. गवा जवळ आहे असं कळलं तर शेतात धावू नका. राजापूरला गेलात आणि गंगा नसेल तर कोरडी कुंडं बघा. पोकळ्यांत पाणी साठतंय, त्याला त्याचा वेळ लागतो. आणि रीलवर ‘मिनी’ लिहायची इच्छा झाली तर माझ्या आतेभावाचा चेहरा आठवा.

तो डिसेंबरात परत गेला. विमानतळावरून त्याने एक फोटो पाठवला, दाजीपूरच्या चिखलातल्या खुराच्या ठशाचा, शेजारी त्याने मापासाठी ठेवलेली त्याची गाडीची किल्ली. खाली काही लिहिलं नव्हतं. मी अंगठा दिला. भांडण सुरूच आहे, काल त्याने मला विचारलं की मग वाघासाठी लोकांनी कधीच हलायचं नाही का, स्वतःहून जाणाऱ्यांचं काय? याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, आजीच्या भावांपैकीही एकाला स्वतःहून जायचं होतं.

आजीला आम्ही घरी आल्यावर विचारलं होतं, तुला काय आणायचं होतं जंगलातून? ती म्हणाली, ‘‘गंगा आली व्हती का?’’ नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘‘मग मला मे महिन्यात आमच्या देवाला न्या. गाव नसंना, देऊळ हाय.’’ देऊळ आता राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, त्यामुळे परवानगी काढावी लागेल. मी अर्ज लिहायला बसलो. भेटीचं कारण काय लिहू म्हणून तिलाच विचारलं.

‘‘माहेर लिव्ह,’’ ती म्हणाली.

मी ‘देवदर्शन’ लिहिलं. अर्ज अजून टेबलावरच आहे.